इटलीचं दप्तर, परभणीचं टेबल : 'आंतेनाती' पोर्टल वापरून पाहिलं त्याचा निकाल

निकाल आधी सांगते, बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. घरात कुणी जावई किंवा सून इटालियन वंशाची आली असेल आणि त्यांचं मूळ घराणं शोधायचं असेल, तर वर्गणीच्या साइटला एक रुपयाही देण्याआधी इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं 'आंतेनाती' हे पोर्टल उघडा. फुकट आहे. खातं काढावं लागत नाही. आणि त्यावर खरी रजिस्टरं आहेत, पान न् पान फोटो काढून ठेवलेली. मात्र गावाचं नाव हातात नसेल तर तिकडं फिरकू नका. नाव टाकून शोधायची सोय आहे, पण ती थोड्याच भागातल्या नोंदींपुरती. बाकी सगळं वही उघडून, पान उलटून.

मला त्याचं काही वाटलं नाही. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. खासरा पाहणी, सेतवार, फेरफार, निजामाच्या अमलातले उर्दू कागद, फसली सनात ५९० मिळवून इसवी सन काढणं, हे हाताला बसलेलं. निवृत्त झाले तरी सुटका नाही. २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समिती आली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गल्लीतला प्रत्येक जण चहाच्या निमित्तानं येऊन "ताई, १९६७ च्या आधीचा कागद कुठं घावंल?" विचारून जायचा. त्याच दिवसांत भाची अमेरिकेहून माहेरपणाला आली होती. तिचा नवरा तिकडचाच, पणजोबा इटलीहून गेलेले. तो सगळा पसारा बघून जावईबापू म्हणाले, "मावशी, आमचंही शोधता येईल का?"

त्यांच्याकडं माहिती किती? पणजोबा 'कांपोबास्सो'चे, आणि एलिस आयलंडवरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी ठाण्यावरच्या, साहेबानं आडनाव बदललं. संपलं. (लग्नात गुरुजींनी गोत्र विचारलं तेव्हा कश्यप सांगून वेळ मारून नेली होती, ती भाचीनंच.)

तर पहिला टप्पा अमेरिकेच्या बाजूचा. एलिस आयलंडचं ठाणं १ जानेवारी १८९२ ला उघडलं आणि १९५४ ला बंद झालं. तिथल्या प्रवाशांच्या याद्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टी आणि एलिस आयलंड प्रतिष्ठानच्या साइटवर मोफत पाहता येतात, फक्त खातं काढावं लागतं. नाव दहा तऱ्हांनी टाकून बघा. टाईप करणाऱ्यानं 'एल'चं 'टी' वाचलेलं असतं, 'यू'चं 'एन'. आडनाव साहेबानं बदललं ही गोष्ट अमेरिकेतल्या प्रत्येक इटालियन घरात सांगतात म्हणे, पण तसं होत नव्हतं. यादी जहाज कंपनीचे लोक निघायच्या बंदरावर भरायचे. न्यूयॉर्कचा निरीक्षक तीच यादी पुढ्यात घेऊन एकेकाला उभं करायचा आणि खूण करायचा. पणजोबांचं आडनाव यादीत शेवटच्या स्वरासकट शाबूत निघालं. तो स्वर पुढं गळाला, कारखान्याच्या हजेरीपटात किंवा पोरांच्या शाळेत. जावईबापू जरा हिरमुसले. घराण्याची एक चांगली गोष्ट गेली.

पण त्या यादीनं खरा माल दिला. १९०७ पासून यादीचा कागद रुंद झाला, दोन पानांवर पसरला. मागं राहिलेला जवळचा नातेवाईक कोण, त्याचा पत्ता काय, कुणाकडं चाललात, तिकिटाचे पैसे कुणी भरले, खिशात किती डॉलर, जन्मगाव कोणतं. पणजोबा त्यानंतर गेलेले, त्यामुळं गावाचं नाव मिळालं. त्याआधी गेलेल्या माणसाचं गाव शोधायला जास्त खटपट पडते. तेव्हा नागरिकत्वाचे अर्ज बघायचे, त्यातही १९०६ च्या कायद्यानंतरचे. जुन्या अर्जांत देश सोडून फारसं काही नसतं. ज्यांची माणसं ब्राझीलला गेली त्यांनी साओ पाउलोच्या जुन्या स्थलांतरित वसतिगृहाची रजिस्टरं बघावी, तिथं आता संग्रहालय आहे. अर्जेंटिनासाठी ब्यूनोस आयर्सच्या 'सेम्ला' या संस्थेकडं बंदरावर उतरलेल्यांची यादी आहे. ही दोन मी वापरलेली नाहीत, म्हणून गुण देत नाही.

आता कांपोबास्सोची भानगड. ते शहरही आहे आणि जिल्हाही. पणजोबांचं गाव शहरापासून चांगलं लांब, डोंगरात, आणि आज त्या जिल्ह्यात नाहीच. १९७० ला इसेर्निया हा नवा जिल्हा निघाला, गाव तिकडं गेलं. हे कळल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं झालं. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत, हिंगोली तर १९९९ पर्यंत आमच्याच परभणीत. जुना कागद जुन्या जिल्ह्याचं नाव सांगतो आणि माणूस नव्या जिल्ह्याच्या कचेरीत रांग लावून बसतो. तेव्हा आधी नकाशा बघा, गाव आज कुठं आणि तेव्हा कुठं, मग दोन्ही अभिलेखागारांच्या याद्या चाळा. (गावाचं नाव इथं देत नाही. लहान गाव आहे, घराणं ओळखू येईल.)

पोर्टलची मांडणी सरळ आहे. अभिलेखागार, मग काळ, मग गाव, मग वर्ष, मग वही. काळ तीन : नेपोलियनचा, नंतर जुने राजे परत आले तो, आणि इटली एक झाल्यानंतरचा. दक्षिणेत म्हणजे नेपल्सच्या राज्यात जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद १८०९ ला सुरू झाली, सिसिलीत १८२० ला. एकसंध इटलीत १८६६ पासून एकच नमुना, व्हेनेतो आणि रोमकडं १८७१ पासून. म्हणजे मोलिझेच्या, कांपोबास्सो ज्या प्रदेशात येतं त्याच्या, डोंगरातल्या शेतमजुराच्या पोराचा जन्म दोनशे वर्षांमागं तारीख, वेळ, साक्षीदार यांच्यासकट लिहिलेला. माझ्या आजीचा जन्म "पटकीच्या साथीच्या आदल्या साली", याहून जास्त आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आणि प्रत्येक वही दोन प्रतींत. एक गावच्या कचेरीत, दुसरी न्यायालयात. सत्तर वर्षं उलटली की न्यायालयाची प्रत अभिलेखागारात जाते. एका प्रतीला आग लागली, भूकंपात गेली, तरी दुसरी राहण्याची आशा असते. रेकॉर्ड रूममध्ये वाळवीनं खाल्लेले बस्ते मी स्वतः झटकलेत. दुसरी प्रत असती तर किती जणांच्या जमिनीचे दावे वाचले असते, हे कुणाला सांगणार.

इटालियन येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. पोर्टलला इंग्रजी चेहरा आहे, आणि वहीतला मजकूर ठरावीक साच्यातला. बऱ्याच वह्यांचा नमुना तर छापील, मधल्या जागा हातानं भरलेल्या. शे-सव्वाशे शब्द कळले की नोंद लागते. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे तारीख, वय, वेळ आकड्यात नसून अक्षरी असते, त्यामुळं अंक आधी पाठ करा. दुसरी म्हणजे हस्ताक्षर. पण एकाच कारकुनानं वर्षभर लिहिलेलं असतं, दहा पानं वाचली की त्याचा हात कळतो. वहीच्या शेवटी नावांची अनुक्रमणिका असते, शिवाय दर दहा वर्षांची वेगळी. सुरुवात तिथूनच करा. जुन्या वह्यांत ही अनुक्रमणिका कधी आडनावानं असते, कधी पाळण्यातल्या नावानं, तेवढं बघून घ्या.

बापाचं नाव लावायची तऱ्हा तर थेट आपली. आपल्या सातबाऱ्यावर "मारोती पि. ग्यानोबा" असतं ना, तसं तिकडं मुलाच्या नावापुढं 'दि' आणि बापाचं नाव. बाप वारलेला असेल तर 'दि'च्या जागी 'फू'. या एका अक्षरावर मी दोन मृत्यू शोधून काढले. १८८४ च्या कागदात 'दि' आणि १८८८ च्या कागदात 'फू', म्हणजे म्हातारा मधल्या चार वर्षांत गेला. चार-पाचच वह्या बघायच्या. बायकांच्या बाबतीत मात्र ते आपल्या पुढं. आपल्याकडं बाई लग्न झालं की "कोंडाबाई भ्र. मारोती" होते आणि तिचं माहेर कागदातून पुसलं जातं. इटलीत बाई मरेपर्यंत, मृत्यूच्या नोंदीतसुद्धा, बापाच्याच आडनावानं. आजीकडची, पणजीकडची शाखा धरून मागं जाता येतं, ते यामुळं. अमेरिकेच्या कागदांत हीच बाई नवऱ्याच्या आडनावाखाली गायब होते.

सगळ्यात अवघड गाठ पणजोबांच्या जन्मनोंदीत बसली. १८८८ ची नोंद सापडली, बापाचं नाव बरोबर, आणि आईच्या जागी : अविवाहित स्त्री, जिच्याशी नातं नाही, जिला नाव द्यायचं नाही. व्हिडिओ कॉलवर मी हे वाचून दाखवलं आणि तिकडं सगळे गप्प झाले. जावईबापूंच्या आईंचा चेहरा उतरला. घरात तर पणजोबांच्या आईचा फोटो आहे, बारा पोरांची आई.

उलगडा असा. १८६५ च्या दिवाणी कायद्यानं नव्या इटलीत फक्त सरकारी कचेरीतलं लग्न कायद्याचं ठरवलं. चर्चमध्ये लागलेल्या लग्नाला सरकारदरबारी किंमत नव्हती, ती थेट पोप आणि सरकार यांच्यातल्या १९२९ च्या करारानंतर पुन्हा आली. पोप आणि राजा यांचं तेव्हा भांडण. गावची समजूत अशी की पाद्र्यानं लावलं म्हणजे लागलं, कचेरीत कशाला जायचं? त्यामुळं देवापुढं नवरा-बायको असलेल्या जोडप्याची पोरं सरकारी वहीत अनौरस लिहिली जायची, आणि आईचं नाव लिहायचंच नाही असा प्रकार. मग कधी तरी, वारसाहक्काची नाहीतर लष्करभरतीची निकड निघाली की जोडपं चार पोरं घेऊन कचेरीत जायचं, लग्न नोंदवायचं आणि त्याच कागदात पोरांना औरस करून घ्यायचं. आमच्या नोंदीच्या समासात बारीक अक्षरात तेच लिहिलेलं होतं : आईवडिलांच्या अमुक सालच्या विवाहानं औरस ठरला. त्या सालची लग्नाची वही काढली. आईचं नाव, तिच्या बापाचं नाव, आणि खाली पोरांची यादी, त्यात पणजोबा दुसरे. जावईबापूंच्या आईंना मी पुन्हा फोन लावायला सांगितलं, रात्र-दिवस न बघता.

म्हणून समास वाचत जा. फेरफाराचा शेरा जसा सातबाऱ्याहून जास्त बोलतो तसं आहे. लग्न, औरसपणा, कधी मृत्यूसुद्धा जन्मनोंदीच्या कडेला चढवलेला असतो.

पण पोर्टलमधला माझा सगळ्यात आवडता कोपरा म्हणजे लग्नाची जोडपत्रं, 'प्रोचेस्सेत्ती' किंवा 'आल्लेगाती' या नावाखाली. १८६६ च्या आधीच्या दक्षिणेतल्या लग्नाला वधूवरांनी जे कागद जोडले ते सगळे एका गठ्ठ्यात बांधलेले. दोघांचे जन्माचे किंवा बाप्तिस्म्याचे दाखले, कचेरीच्या दारावर लावलेल्या जाहीर सूचनेची प्रत, आईबाप वारले असतील तर त्यांचे मृत्यूदाखले. बाप नसेल तर आजोबाची संमती लागायची, आणि आजोबाही नसेल तर त्याच्या मृत्यूचा दाखला. एका गठ्ठ्यात तीन पिढ्या! १८५० च्या दशकातल्या एका लग्नाचा गठ्ठा उघडला आणि आम्ही अठराव्या शतकात पोचलो, कारण आजोबाचा जन्म सरकारी नोंदी सुरू व्हायच्या आधीचा. त्याहून मागं जायचं तर चर्चच्या वह्या. ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६३ ला बाप्तिस्मा आणि लग्न लिहून ठेवण्याचा नियम केला, पण त्या वह्या बहुतेक त्या-त्या चर्चमध्ये किंवा बिशपकडं असतात, या पोर्टलवर नव्हेत.

धंदे काय सांगू. पणजोबांचा बाप 'ब्राच्याले', म्हणजे हातावर पोट असलेला मजूर. आई सूत कातणारी. त्याचा बापही 'ब्राच्याले'. घरात कुणी तरी सरदार होता अशी जावईबापूंच्या काकांची समजूत होती, ती मी फार हळुवार हातानं काढून घेतली.

फॅमिलीसर्चबद्दल थोडक्यात. मॉर्मन चर्चचं आहे, सॉल्ट लेक सिटीतून चालतं, फुकट आहे, खातं लागतं. इटलीच्या याच वह्यांचे फोटो काढण्यात त्यांचा मोठा वाटा, आणि स्वयंसेवकांनी बऱ्याच नोंदींची नावं टाईप केली आहेत. म्हणजे नाव टाकून शोधायचं काम इथं करायचं, आणि पान बघायला 'आंतेनाती'वर यायचं, अशी जोडी जमते. काही फोटो मात्र फक्त त्यांच्या केंद्रात बसूनच दिसतात. आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्यांचेही फोटो त्यांनी काढलेत. मी आमचं आडनाव टाकून बघितलं, पण आमचे लोक त्र्यंबकेश्वराच्या पुढं गेलेले दिसत नाहीत.

आता पैसे घेणारे. दोघांचा अनुभव आला, नावं घेत नाही. पहिली एक वर्गणीची साइट, जावईबापूंनी वर्षाचे डॉलर आधीच भरून ठेवलेले. तिच्यावर यांच्या घराण्याचा तयार वृक्ष होता, आठ-दहा जणांनी एकमेकांचा उतरवून घेतलेला. त्यातले पणजोबा १८८६ ला जन्मलेले. मी मृत्यूची वही काढली तर ते बाळ आठव्या महिन्यात गेलेलं. तिकडं रीत अशी की पहिल्या मुलाला वडिलांकडच्या आजोबाचं नाव, दुसऱ्याला आईकडच्या आजोबाचं. आणि मूल दगावलं तर तेच नाव पुढच्याला. आपल्याकडं आजोबाचं नाव नातवाला ठेवतात तसंच. त्यामुळं एका गावात एकाच नावाआडनावाची पाच चुलत भावंडं सापडतात. जन्मनोंद मिळाली की लगेच मृत्यूची वहीही बघायची, हा साधा नियम. त्या आठ-दहा जणांपैकी एकानंही तो पाळलेला नव्हता, आणि साइट प्रत्येकाला "जुळणी सापडली" म्हणून अभिनंदन करत होती.

दुसरा एक एजंट, युरोत पैसे घेऊन "इटलीतून अस्सल नक्कल" देणारा. पाठवलं काय, तर 'आंतेनाती'च्याच पानाचा स्क्रीनशॉट, कडेनं नक्षी लावून. अधिकृत दाखला हवा असेल तर गावच्या कचेरीला, तिकडं 'कोमूने' म्हणतात, साध्या इटालियनमध्ये ईमेल करा. नोंदीचं साल, क्रमांक, पूर्ण नाव द्या, आणि उतारा आईवडिलांच्या नावांसह हवा असं स्पष्ट लिहा, नाहीतर ती नावं गाळून येतो.

पासपोर्टसाठी हा उद्योग करणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा. पूर्वी रक्ताच्या नात्यानं कितीही पिढ्या मागं जाऊन नागरिकत्व मागता यायचं. २८ मार्च २०२५ च्या अध्यादेशानं, जो मेमध्ये कायदा झाला, ते बहुतांशी आईबाप आणि आजीआजोबांपर्यंत आणून ठेवलं. आदल्या दिवसापर्यंत दाखल झालेल्यांना जुना नियम. जावईबापूंचा धागा पणजोबांचा, म्हणजे गेला. त्यांना त्याचं सोयरसुतक नाही. त्यांना गाव बघायचं आहे.

गुण द्यायचे तर 'आंतेनाती'ला पाचपैकी साडेचार. अर्धा यासाठी कापला की सगळे जिल्हे, सगळी वर्षं तिथं नाहीत, आणि तुमच्या गावची वही आहे की नाही हे आधी यादीत बघूनच आशा धरावी. फोटो जड असतात. आमच्याकडं नेट रात्री अकरानंतर बरं चालतं, तेव्हा बसायचं. प्रत्येक पानाला स्वतःचा दुवा असतो, तो त्याच वेळी वहीत उतरवून ठेवा. पणजोबांची लष्करभरतीची नोंद अजून मिळायची आहे. गावातला प्रत्येक मुलगा वयात आला की त्या यादीत चढायचा, परदेशी गेलेला असला तरी. एलिस आयलंडच्या साइटला चार, फॅमिलीसर्चला चार. वर्गणीवाल्या साइटला गुण नाहीत. वर्गणी रद्द करायचं बटन खात्याच्या सेटिंगमध्ये पार खाली, फिकट अक्षरात आहे. मुदत संपायच्या आत दाबा, नाहीतर पुढच्या वर्षाचे पैसे आपोआप कापतात.